खर्जाची लढाई

मिरवणूक लांब असली म्हणजे तिचा बँड आधी ऐकू येतो आणि मग दिसतो. त्यातही सारा बँड एकदम ऐकू येत नाही. प्रथम मोठ्या ढोलाचा ठोका येतो, मग ट्रंपेटची किंकाळी, मग क्लॅरिनेटची चाल. अगदी जवळून जाऊ लागला म्हणजे कोठे लक्षात येते, की या साऱ्यांच्या खाली आणखी एक आवाज चालला आहे. तो फुगलेल्या गालांच्या, अंगावर पितळेचे वेटोळे घेतलेल्या दोन-चार धिप्पाड माणसांचा. चाल त्यांच्याकडे नसते, टाळ्या त्यांना मिळत नाहीत, आणि पोरे त्यांच्याकडे पाहून हसतात. पण ते थांबले तर बाकीचा बँड तंबोरा काढून घेतलेल्या गवयासारखा उघडा पडतो.

त्यांच्या वाद्यांना आपण सोयीसाठी 'खर्जाची पितळी वाद्ये' म्हणू. हा खर्ज उघड्या मैदानात, चालता चालता, भरदार कसा निघावा, या एका प्रश्नापायी युरोपात गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात केवढी उलथापालथ झाली! राजांचे हुकूम निघाले, मंत्र्यांनी समित्या नेमल्या, न्यायालयांत वर्षानुवर्षे दावे चालले, वादकांना फितवण्यात आले आणि एका अलौकिक कारागिराचे तीनदा दिवाळे निघाले. दिवाळी अंकात दिवाळ्याची गोष्ट सांगू नये म्हणतात. पण ही गोष्ट मोठी रंगतदार आहे, म्हणून वाचकांनी तेवढे चालवून घ्यावे.

आधी थोडे नळीचे शास्त्र. आपल्या देवळांच्या नगारखान्यात कर्णा असतो, लग्नात तुतारी असते, गावच्या जत्रेत शिंग फुंकतात. ही सारी साधी नळ्यांची वाद्ये. त्यांत ओठ थरथरवून फुंकले, की नळीच्या लांबीला साजेसे काही मोजके स्वर निघतात आणि बाकीचे निघत नाहीत. तंबोऱ्याचा खर्ज छेडला असता त्यातून स्वयंभू गांधार ऐकू येतो हे आपण जाणतो. तुतारीचे स्वर म्हणजे तसेच स्वयंभू स्वर, ओठांच्या ताणाने एकेक निवडून काढलेले. गंमत अशी, की हे स्वर वर जावे तसे दाट आणि खाली यावे तसे विरळ असतात. म्हणून उंच पट्टीत तुतारीवाला थोडीफार चाल वाजवू शकतो. खाली मात्र एक स्वर आणि त्याचा पंचम, त्याच्याखाली सारे ओसाड रान. पितळी नळीतून खर्ज हवा, आणि तोही सगळ्या सुरांत हवा, तर या ओसाड रानात रस्ता काढणे भाग होते.

पहिला रस्ता फ्रान्समधील चर्चवाल्यांनी काढला. ओसेर गावच्या एका धर्माधिकाऱ्याने, एदमे गिलोम याने, १५९० च्या सुमारास 'सर्प' नावाचे वाद्य बनवले, अशी तिकडची परंपरा सांगते. आठेक फूट लांबीची लाकडी नळी, नागमोडी वळवलेली, वरून चामड्याने मढवलेली, आणि अंगावर बासरीसारखी सहा भोके. प्रार्थनेच्या गायकांना खालून आधार द्यावा एवढेच त्याचे काम होते. पुढे अठराव्या शतकात लष्करी बँडांना खर्ज हवासा झाला, तेव्हा दुसरे काही हाताशी नसल्यामुळे हाच सर्प शिपायांच्या काखेत आला. आता अडचण पाहा. आठ फुटांच्या नळीवर भोके कोठे पाडावीत, ते नादशास्त्र सांगते. पण तेथवर माणसाची बोटे पोचत नाहीत. तेव्हा बोटे पोचतील तेथे भोके पाडली, आणि सुरात आणण्याचे काम वाजवणाऱ्याच्या ओठांवर सोपवले. हातखंडा वादक असेल तर ठीक. नाहीतर प्रत्येक स्वर आपल्या मर्जीने लागे. बर्लिओझ या फ्रेंच संगीतकाराने वाद्यरचनेवरील आपल्या ग्रंथात या सर्पाबद्दल फार कडू लिहिले आहे.

१८१७ साली पॅरिसच्या आलारी नावाने व्यवसाय करणाऱ्या एका कारागिराने सर्पाला पितळेचा केला, त्याच्या भोकांवर चाव्या बसवल्या आणि त्याचे नाव ठेवले 'ऑफिक्लीड', म्हणजे ग्रीक भाषेत 'चाव्यांचा सर्प'. बोटे पोचण्याची अडचण चाव्यांनी सुटली. भोके हवी तेथे, हवी तेवढी मोठी पाडता आली. हे वाद्य अर्धे शतक गाजले. मेंडेल्सन आणि बर्लिओझ यांनी आपल्या रचनांत त्याला जागा दिली. परंतु मैदानात त्याचा एक दोष काही केल्या झाकेना. चावी उघडली की आवाज भोंग्याच्या तोंडातून न निघता बराचसा त्या भोकातूनच निसटतो. एक स्वर भोंग्याच्या तोंडातून भरदार येतो, पुढला पोटातल्या भोकातून बसका. एकाच गळ्यातून दहा माणसे आळीपाळीने बोलावीत तसे! बंद दिवाणखान्यात ते खपून जाई. कवाईतीच्या मैदानावर नाही.

याचे कारण साधे आहे. दिवाणखान्यात भिंती आणि छत आवाज परत फिरवतात, एका सुराचे चार सूर करून कानाशी आणून देतात. उघड्यावर गेलेला आवाज परत येत नाही. अंतर दुप्पट झाले की त्याचे बळ चौथाईवर येते. त्यात खर्जाचे दुर्दैव असे, की माणसाचा कान मुळातच खालच्या स्वरांना मंद असतो. अमेरिकेत फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली मोजमापे करून हे दाखवून दिले. पण बँडमास्तरांना त्याआधी शंभर वर्षे ते अनुभवाने ठाऊक होते. वरचा आणि खालचा सूर सारख्याच बळाने निघाले, तरी ऐकणाऱ्याला खालचा निम्माही वाटत नाही.

खरी वाट सापडली ती जर्मनांना. हाइनरिख श्टोल्झेल नावाचा एक हॉर्नवादक आणि खाणकामगारांच्या बँडमधला फ्रीडरिख ब्ल्यूमेल नावाचा दुसरा वादक, या दोघांच्या डोक्यात साधारण एकाच काळी एक कल्पना आली: नळीला भोके पाडून ती आखूड करण्याऐवजी, झडप दाबून तिला आणखी एक तुकडा जोडावा, म्हणजे नळी लांब होईल आणि सूर उतरेल. १८१८ साली दोघांनी मिळून प्रशियाच्या सरकारकडून तिचे पेटंट घेतले. हीच आजच्या ट्रंपेटवर दिसते ती व्हॉल्व्हची झडप. तिचे मोठेपण असे, की कोणताही सूर वाजवा, हवेचा प्रवाह शेवटपर्यंत जाऊन भोंग्यातूनच बाहेर पडतो. दहा गळ्यांचा एक गळा झाला.

यावर कळस चढवला बर्लिनच्या विल्हेल्म वीप्रेख्टने. हा माणूस शिपाई नव्हता. साधा वादक, पण लष्करी बँडांचे त्याला वेड. १२ सप्टेंबर १८३५ रोजी त्याने मोरित्झ नावाच्या कारागिराबरोबर 'बास टूबा' या वाद्याचे पेटंट घेतले. मुळाशी अरुंद आणि पुढे हळूहळू रुंद होत जाणारी नळी, आणि पाच झडपा. ही रुंदी महत्त्वाची बरे का! नळी बारीक आणि सारख्या घेराची असली तर वरचे स्वयंभू स्वर जोरकस निघून आवाजाला धार येते, ट्रंपेटचे तेच. नळी शंकूसारखी रुंदावत गेली, तर धार बोथट होऊन आवाज गोल, भरलेला होतो. १८३८ साली रशियाचा झार निकोलस बर्लिनला आला, तेव्हा वीप्रेख्टने हजार फुंकवाद्ये आणि दोनशे ताशे एकत्र करून त्याला सलामी दिली. गणवेशधाऱ्यांच्या त्या समुद्रापुढे हा एकटा नागरी पोशाखात उभा राहून हात हलवत होता म्हणतात. त्याच वर्षी गार्ड पलटणींचे सारे बँड त्याच्या हाती देण्यात आले.

आता पॅरिसकडे वळू, कारण खरी लढाई तेथे झाली.

आदोल्फ सॅक्स हा मूळचा बेल्जियमचा. १८१४ साली दिनाँ गावी वाद्ये बनवणाऱ्याच्याच घरी त्याचा जन्म झाला. लहानपणी तो जिन्यावरून पडला, भाजला, विषारी पाणी प्याला, सुई गिळून बसला, आणि तरीही जगला, असे त्याचे चरित्रकार सांगतात. यांतले निम्मे जरी खरे धरले तरी पुढच्या आयुष्याची ती चांगली तालीम झाली, असे म्हणावे लागेल. १८४२ मध्ये तो फारसे पैसे जवळ नसताना पॅरिसला आला. बर्लिओझने त्याची वाद्ये ऐकून वर्तमानपत्रात मोठी स्तुती लिहिली आणि दोन दिवसांत पॅरिसच्या जुन्या वाद्यकारांना हा माणूस डोळ्यांत सलू लागला.

सॅक्सचा सिद्धांत असा: वाद्याचा आवाज धातूवर अवलंबून नसतो, नळीच्या आतल्या हवेच्या आकारावर असतो, नळीची प्रमाणे बरोबर जमवा, आवाज तुमचा. या सिद्धांतावर त्याने झडपांच्या वाद्यांचे एक पुरते कुटुंब रचले. सर्वांत धाकटे हाताच्या ओंजळीएवढे, सर्वांत थोरले माणसाच्या मांडीवर न मावणारे. पण घडण सर्वांची एक, बोटे ठेवण्याची रीत एक, भोंगे बहुतेकांचे वर तोंड करून. १८४३ पासून त्याने त्यांचे पेटंट घ्यायला सुरुवात केली आणि जगाने त्यांना सॅक्सहॉर्न म्हटले. झडप त्याची नव्हे, टूबाही आधीचा, भोंगा वर करण्याचीही युक्ती जुनी, असे त्याचे शत्रू म्हणत. आणि सुटी सुटी घेतली तर त्यांची विधाने बरोबर होती. पण सुटे मणी पुष्कळांकडे होते. माळ याने ओवली. खालपासून वरपर्यंत एकाच जातीचा आवाज बँडला मिळाला, ही मला त्याची खरी करामत वाटते. खर्ज भरदार वाटायला नुसता खर्ज पुरत नाही. त्याच्या वरच्या सप्तकात त्याच जातीचे वाद्य तोच सूर धरून असेल, तर कान दोन्ही आवाज एकात मिसळतो आणि खालचा सूर आहे त्याहून मोठा ऐकतो.

त्या वेळी फ्रान्सच्या पलटणींचे बँड प्रशिया-ऑस्ट्रियाच्या मानाने फारच फिके होते. राजा लुई-फिलीपचा एक सेनाधिकारी, जनरल रुमिनी, याला ते लाजिरवाणे वाटे. त्याने सॅक्सची बाजू उचलून धरली. १८४५ साली युद्धमंत्र्याने समिती नेमली, रुमिनीच तिचा अध्यक्ष. तीत ओबेर, आलेव्ही, आदाँ, स्पोंतीनी असे त्या काळचे नामांकित संगीतकार बसले. समितीने कागदोपत्री निकाल न देता सरळ आखाडाच लावला. दिवस २२ एप्रिल १८४५. जागा शाँ द मार्सचे कवाईतीचे मैदान, जेथे पुढे आयफेल मनोरा उभा राहिला ते.

एका बाजूला होता मिशेल काराफा. लष्करी वादकांच्या सरकारी विद्यालयाचा हा संचालक, नेपल्समध्ये जन्मलेला, तरुणपणी नेपोलियनच्या रशियावरील स्वारीत गेलेला आणि नंतर तलवार ठेवून ऑपेरा लिहू लागलेला. त्याच्याकडे पंचेचाळीस वादक होते, जुन्या पद्धतीचे: ओबो, बासून आणि खाली ऑफिक्लीड. दुसऱ्या बाजूला सॅक्स. ओबो-बासूनसारखी मैदानात आवाज हरवणारी वाद्ये त्याने वगळली होती आणि खालची सारी फळी सॅक्सहॉर्नांनी भरली होती. त्याचेही वादक तेवढेच ठरले होते. पण ऐन वेळी सात जण आलेच नाहीत. प्रतिस्पर्ध्यांनी त्यांचे खिसे गरम केले होते असा बोभाटा झाला. सॅक्स स्वतः एक वाद्य उचलून रांगेत उभा राहिला आणि अडतीस जणांनी पंचेचाळीस जणांशी सामना दिला.

समितीने युक्ती अशी केली होती, की दोन्ही बँडांनी प्रथम एकच चीज वाजवायची. आदाँने त्यासाठी मुद्दाम एक संथ रचना लिहिली होती. मला या निवडीचे फार कौतुक वाटते. जलद चालीत ढोल आणि ट्रंपेट सारे दोष झाकतात. संथ चालीत मात्र खालचा सूर लांबवर धरून ठेवावा लागतो आणि तेथेच पोकळ नळी उघडी पडते. हजारो पॅरिसकर मैदानाभोवती जमले होते. माणसे सातांनी कमी असूनही सॅक्सचा आवाज मैदान भरून मागच्या माणसापर्यंत गेला, काराफाचा वाटेत विरला. निवाडा करणाऱ्यांच्या आधीच गर्दीने निवाडा केला. सप्टेंबर १८४५ मध्ये सरकारी हुकूम निघाला, की पायदळाच्या आणि घोडदळाच्या बँडांत सॅक्सची वाद्ये घ्यावीत.

येथे गोष्ट संपायला हवी होती. पण एका हुकमाने किती घरांच्या चुली विझणार होत्या ते पाहा. पॅरिसमधले ऑफिक्लीड आणि बासून बनवणारे कारखाने, त्यांतले लोहार, चाव्या घासणारे कामगार, शिवाय आयुष्यभर तीच वाद्ये शिकलेले वादक! त्यांनी आपली संघटना केली आणि १८४६ पासून सॅक्सची पेटंटे रद्द करण्यासाठी दावे लावले. त्यांना नुसते मत्सरी म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. पोट जळू लागले म्हणजे माणूस न्यायालयाचीच पायरी चढणार. १८४८ साली क्रांती झाली, राजा पळाला, आणि नव्या सरकारने हुकूमच रद्द केला. खटले आणि हुकूम यांच्या कात्रीत १८५२ मध्ये सॅक्सचे पहिले दिवाळे वाजले. तिसरा नेपोलियन आला आणि १८५४ मध्ये सॅक्सचे दिवस पुन्हा फिरले. नंतर दावेही तो जिंकला. पण १८७३ आणि १८७७ साली पुन्हा दिवाळे निघालेच. १८९४ मध्ये तो गरिबीत वारला. त्याच्या सॅक्सोफोनचे नाव आज पोरासोरांना ठाऊक आहे. मैदान जिंकणारा सॅक्सहॉर्न मात्र नावानिशी कोणाच्या लक्षात नाही.

मध्ये एक दिवस मात्र पाहण्यासारखा आला होता. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात देशोदेशींच्या लष्करी बँडांची स्पर्धा झाली. प्रशियाचा बँड घेऊन आला तो साठी ओलांडलेला वीप्रेख्ट, आणि यजमान पॅरिसच्या गार्डांच्या बँडात सॅक्सची वाद्ये. टूबा आधी कोणाचा यावरून या दोन बाजूंत मागे चांगलीच खडाजंगी झाली होती. पंचांनी पहिले बक्षीस प्रशिया, ऑस्ट्रिया आणि पॅरिसचे गार्ड अशा तिघांत वाटून दिले. तीनच वर्षांनी प्रशिया आणि फ्रान्स यांची खरी लढाई जुंपली, आणि ती बक्षीस वाटून मिटली नाही.

आता भोंग्याचे तोंड कोठे असावे याची मौज. न्यूयॉर्कच्या डॉडवर्थ घराण्याने १८३८ च्या सुमारास खांद्यावर घेण्याची अशी वाद्ये प्रचारात आणली, की त्यांचा भोंगा वाजवणाऱ्याच्या पाठीमागे तोंड करून असे. कारण उघड आहे: बँड पुढे चालतो, पलटण मागून, आवाज पलटणीला हवा. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६१ ते १८६५ पर्यंत पुष्कळ बँडांकडे अशीच वाद्ये होती. रस्त्याकडेला उभ्या राहिलेल्या लोकांना आवाज बँड पुढे निघून गेल्यावर चांगला येई! इकडे व्हिएन्नात १८४९ च्या सुमारास श्टोवासरने टूबाचे वेटोळे करून ते गळ्यातून अंगावर घालण्याजोगे केले, ते 'हेलिकॉन'. दोन्ही हात मोकळे, वजन खांद्यावर, आणि पाऊल पडले तरी तोंडाशी धक्का कमी. घोडदळातही ते चाले.

अमेरिकेच्या नौदल-शिपायांच्या बँडाचा प्रमुख जॉन फिलिप सूसा याला मात्र हेलिकॉनचा आवाज पसंत नव्हता. भोंगा बाजूला तोंड करून असल्यामुळे आवाज एकाच दिशेला अंगावर येतो, अशी त्याची तक्रार. त्याच्या सूचनेवरून फिलाडेल्फियाच्या पेपर यांच्या कारखान्यात १८९३ च्या सुमारास नवे वाद्य तयार झाले. भोंगा मोठा आणि सरळ आभाळाकडे. पुढे १८९८ मध्ये कॉन यांनीही ते बनवले. हा सूसाफोन. लोक त्याला थट्टेने 'पाऊस झेलणारा' म्हणत, आणि पावसाळ्यात ती थट्टा राहत नसे. यातील शास्त्र असे: खर्जाची लाट फार लांब असते. सर्वसाधारण सूसाफोनची नळी सुमारे अठरा फूट, आणि तिच्या मूळ स्वराची लाट सुमारे अडतीस फुटांची. एवढ्या लांब लाटेला भोंग्याचे तोंड कोठे आहे याची पर्वा नसते. ती चहूकडे पसरते. दिशा धरून जातात ते वरचे, धारेचे उपस्वर. भोंगा आभाळाकडे केला की धार वर निघून जाते आणि खाली उरतो तो गोल, मऊ खर्ज. सूसाचा स्वतःचा बँड क्वचितच रस्त्याने चाले. सभागृहात बसून वाजवायला हा मऊपणा त्याला हवा होता. चालणाऱ्या बँडांना मात्र स्पष्टपणा हवा. म्हणून १९०८ पासून भोंगा पुढे वळलेले सूसाफोन निघाले आणि आज जगभर तेच दिसतात. एकाच माणसाच्या नावाचे वाद्य, आणि त्याने मागितला त्याच्या अगदी उलट आकारात ते प्रसिद्ध झाले.

शिक्षकाच्या पेशामुळे येथे थोडे गणित सांगितल्याशिवाय राहवत नाही. समजा, नळी १०० इंचांची आहे. अर्धा स्वर उतरायला तिच्यात सुमारे ६ इंच घालावे लागतात, पूर्ण स्वराला सव्वाबारा, दीड स्वराला सुमारे १९. या झाल्या तीन झडपा. आता तिन्ही एकदम दाबा: बेरीज सदतीस इंचांच्या थोडी वर जाते. पण तीन पूर्ण स्वर उतरायला लागतात एक्केचाळीसहून जास्त! कारण नळी आधीच लांब झाली, की पुढच्या पायरीला तुकडाही मोठा हवा. तो तर आखूड नळीच्या हिशेबाने कापलेला. चार इंचांहून अधिक तूट. ट्रंपेटसारख्या लहान वाद्यावर ही तूट ओठांनी भरून काढता येते. अठरा फुटांच्या नळीत ती नऊ इंचांच्या वर जाते आणि सूर चढा लागतो. म्हणजे नेमका सर्वांत खालचा, ज्यावर सारा बँड उभा राहायचा, तोच सूर बेसूर! चौथी झडप घालून यातले बरेचसे सावरले जाते. लंडनच्या बूझी यांच्याकडील डेव्हिड ब्लेकली याने १८७४ साली त्याहून चतुर उपाय काढला: एक झडप दाबली की हवा पुन्हा एकदा बाकीच्या झडपांतून फिरून येते आणि वाटेत लहान लहान जादा तुकडे घेत तूट आपोआप भरते. वाद्य जड झाले, फुंकायला जरा कष्टाचे झाले, पण खर्ज सुरात आला.

आणि सुरात येणे म्हणजेच भरदार होणे. दोन खर्जाची वाद्ये किंचित वेगळ्या सुरात असली तर त्यांच्या लाटा एकमेकींना कापतात, आवाज हेलकावे खातो आणि दोघांचा मिळून एकापेक्षा पोकळ वाटतो. क्रिमियाच्या युद्धात १८५४ साली स्कुटारीला व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवसाची मोठी कवाईत झाली. इंग्रज पलटणींच्या बँडांनी मिळून राष्ट्रगीत सुरू केले, तर प्रत्येकाची पट्टी वेगळी आणि रचनाही वेगळी! फ्रेंच दोस्तांसमोर शोभा झाली. त्यातूनच १८५७ मध्ये लंडनजवळ नेलर हॉल येथे लष्करी वादकांची शाळा निघाली; ती तेथे २०२१ पर्यंत होती.

इंग्रजी पलटणींबरोबर ही वाद्ये हिंदुस्थानात आली. संस्थानिकांनी बँड ठेवले. गोव्यात चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकलेले कितीतरी वादक त्यांत, आणि पोलिसांच्या व लष्कराच्या बँडांत, गेले. स्वातंत्र्यानंतर १९५० साली पचमढीला आपल्या सैन्याची संगीतशाळा उघडली. दर २९ जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकात जे संमिश्र बँड वाजतात, त्यांच्या मागच्या रांगांत ही खर्जाची फळी चांगली ऐकू येते. लग्नाच्या वरातीतले बँड हे त्यांचेच गरीब भाऊबंद. तेथे खर्जाचे काम बहुधा ढोलावर सोपवलेले असते. त्याला वादक नव्हे, आपली परंपरा कारण आहे. आपल्या संगीताला एकावर एक सूर रचण्याची सवय नाही. सनईच्या जोडीला सूर धरणारा एक असला की आपले भागते. मला तर वाटते, वरातीच्या बँडांनी त्या सूर धरणाऱ्याचेच काम या मोठ्या भोंग्यांना द्यावे. मेरठच्या जली कोठी भागात ही वाद्ये पिढ्यान्‌पिढ्या बनताहेत. म्हणजे वाद्याची अडचण नाही.

हा सूर धरायचा कसा, ते जगातल्या सगळ्या बँडमास्तरांनी एकाच तऱ्हेने सांगितले आहे. माझ्या वर्गातली पोरे म्हणतात तसे 'मोठ्याने फुंकले की झाले' यावर त्यांचा विश्वास नाही. जोरात फुंकले की ओठ आवळतात, वरचे उपस्वर खणखणू लागतात आणि खर्जाऐवजी पत्रा वाजतो. जबडा सैल, घसा जांभई दिल्यासारखा उघडा, श्वास पोटापर्यंत घेतलेला आणि सोडताना जोराचा नव्हे तर भरपूर, कोमट, काचेवर फुंकर घालून ती धुरकट करावी तसा. तापलेल्या उन्हात नळीतली हवा गरम होऊन सूर चढतो, म्हणून निघण्यापूर्वी वाद्य मैदानातच फुंकून मग जुळवायचे, सावलीत जुळवून उपयोग नाही. सर्वांत खालच्याने सर्वांत मोकळे वाजवायचे, त्याच्या वरच्या सप्तकातल्याने त्याहून हळू, त्याच्या वरच्याने आणखी हळू. चालताना टाच आधी टेकवून तळवा हळूच खाली आणायचा, म्हणजे सुराला हिसका बसत नाही. आणि श्वास सर्वांनी एकदम घ्यायचा नाही. खालच्या फळीत चार जण असतील तर एक जण श्वास घेतो तेव्हा तिघे वाजवत असतात. तो परतताना हलक्या आवाजाने आत शिरतो, मग शेजारचा थांबतो, आणि रस्ता संपेपर्यंत ते चौघे मिळून एकाच न संपणाऱ्या श्वासावर चालत राहतात.